दूतावासाला कुलूप लागल्यावर तुरुंगातल्या माणसाचं काय होतं?

मे 2025 मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटलेला होता तेव्हा भिवंडीत चहाच्या टपरीपासून नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत एक प्रश्न सारखा कानावर यायचा. एवढं सगळं होऊनही त्यांचं दिल्लीतलं ऑफिस चालू कसं? कुलूप का नाही ठोकत? प्रश्न रागातून आलेला होता आणि राग समजण्यासारखा होता. 22 एप्रिलला पहलगामला 26 माणसं मारली गेली, त्यात शेजारच्या डोंबिवलीतले तिघे होते. त्यामुळे "अहो, आंतरराष्ट्रीय कायद्यात असं असतं" असं कोरडं उत्तर देऊन भागत नाही.

मी भौतिकशास्त्रात पीएचडी करते, परराष्ट्र धोरणात नाही. पण इथे मी नेहमी जे करते तेच आज करणार आहे: एक रिसर्च पेपर घ्यायचा, त्यातली कल्पना उलगडायची आणि ती आपल्या ओळखीच्या एखाद्या गोष्टीवर लावून बघायची. ओळखीची गोष्ट आहे गोवा. पोर्तुगालच्या ताब्यातला गोवा हा महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेला परका देशच होता. तिथे भारताने दूतावासाला कुलूप लावलं होतं, ते 21 वर्षं राहिलं. त्याचं काय झालं ते आपल्याला नीट पाहता येतं.

आधी पेपर. जेम्स फिअरन या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने 1995 मध्ये 'इंटरनॅशनल ऑर्गनायझेशन' या नियतकालिकात एक लेख लिहिला. प्रश्न अगदी साधा. युद्धात दोन्ही बाजूंचं नुकसान होतं हे दोघांनाही आधीपासून माहीत असतं, मग ते आधीच तडजोड का करत नाहीत?

भिवंडीच्या भाषेत सांगते. दोन भावांमध्ये 40 लाखांच्या लूमच्या कारखान्यावरून वाद आहे. कोर्टात गेले तर जिंकायची शक्यता दोघांची निम्मी निम्मी, आणि वकील, तारखा, बंद पडलेले लूम धरून प्रत्येकाचे 5 लाख जाणार. म्हणजे कोर्टातून प्रत्येकाच्या हाती सरासरी 15 लाख. याचा अर्थ घरात बसून 16-24, 18-22, 20-20 अशी कुठलीही वाटणी केली तरी दोघांनाही कोर्टापेक्षा जास्तच मिळतं. तरीही भाऊ कोर्टात जातात. का?

फिअरन तीन कारणं देतो. पहिलं, समोरचा किती ताणून धरेल याचा अंदाज चुकतो, कारण आपली खरी ताकद आणि खरी तयारी कोणीच उघड करत नाही. उलट फुगवून सांगण्यातच फायदा असतो. दुसरं, आज केलेला करार समोरचा उद्या पाळेल याची खात्री नसते. तिसरं, काही गोष्टींची वाटणीच होत नाही असं मानलं जातं. लूम वाटता येतात, वडिलांच्या नावाची पाटी वाटता येत नाही. या तिसऱ्या कारणाबद्दल फिअरन स्वतः साशंक आहे. त्याचं म्हणणं, खरोखर वाटता न येणाऱ्या गोष्टी फार कमी असतात, कारण एका बाजूला पाटी आणि दुसऱ्या बाजूला थोडे जास्त पैसे असं करता येतंच. एखादी गोष्ट 'अविभाज्य' असते त्यापेक्षा ती तशी बनवली जाते. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा, गोव्यात तिचाच खेळ आहे.

स्वातंत्र्यानंतर भारताच्या नकाशात दोन युरोपीय सत्ता उरल्या होत्या, फ्रान्स आणि पोर्तुगाल. फ्रान्सशी बोलणी लांबली, कुरबुरी झाल्या, पण 1 नोव्हेंबर 1954 ला पुदुच्चेरीचा कारभार भारताकडे आला. 1956 मध्ये करार झाला. फ्रेंच भाषा, शाळा, संस्था, नागरिकत्वाचा पर्याय या गोष्टी फ्रान्सने पदरात पाडून घेतल्या आणि सार्वभौमत्व भारताला दिलं. म्हणजे वाटणी झाली. पाटी एकाला, लूम दुसऱ्याला.

पोर्तुगालचं उलटं. 1950 मध्ये भारताने बोलणी करूया असं कळवलं, तर सार्वभौमत्व हा चर्चेचा विषयच नाही असं उत्तर आलं. 1951 मध्ये सालाझारच्या सरकारने राज्यघटना बदलली आणि 'वसाहत' हा शब्दच काढून टाकला. गोवा, दमण, दीव हे 'सागरापलीकडचे प्रांत' झाले. म्हणजे लिस्बन जसं पोर्तुगाल तसंच पणजी. ही नुसती शब्दांची कसरत नव्हती. वसाहत सोडता येते, देशाचा तुकडा सोडता येत नाही. सालाझारने वाटता येण्यासारखी गोष्ट कायद्याने न वाटता येणारी करून टाकली, आणि असं करताना स्वतःचेच हात बांधून घेतले. त्यामागे हिशोब होता अंगोला आणि मोझांबिकचा. गोव्यावर बोलणी केली असती तर तिथल्यांनाही बोलणी मागता आली असती. 1961 च्या सुरुवातीला अंगोलात सशस्त्र उठाव झालाच.

मग भारताने एकेक दोर कापायला सुरुवात केली. जून 1953 मध्ये लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली. (जुन्या मराठी वर्तमानपत्रांचा हा शब्द मला 'दूतावास' पेक्षा आवडतो. माणसाची वकिली करणारी जागा.) 1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी दादरा आणि नगर हवेली मुक्त केलं. त्यात महाराष्ट्रातली मंडळी मोठ्या संख्येने होती, संगीतकार सुधीर फडके त्यांपैकी एक. हा भाग आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्याला लागूनच. पोर्तुगालने यावरून भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. 12 एप्रिल 1960 चा निकाल वाचण्यासारखा आहे: दमणहून तिथे जायला पोर्तुगालच्या सामान्य नागरिकांना, मुलकी अधिकाऱ्यांना आणि मालाला वाट मिळण्याचा हक्क होता, सैन्याला आणि शस्त्रांना नव्हता, आणि वाट अडवून भारताने आपलं कोणतंही बंधन मोडलेलं नाही. दोघांनाही आपण जिंकलो असं म्हणायची सोय.

15 ऑगस्ट 1955 ला गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला आणि वीसहून जास्त माणसं मेली. दिल्लीतली पोर्तुगीज वकिलात बंद करायला भारताने त्याआधीच सांगितलं होतं. आता मुंबईसारख्या शहरांतल्या वाणिज्य दूतावासांवर आणि पणजीतल्या आपल्या वाणिज्य दूतावासावरही पडदा पडला. रेल्वे थांबली, व्यापार थांबला, मुंबईत नोकरी करणाऱ्या गोवेकरांची घरी जाणारी मनिऑर्डर थांबली. नाकेबंदीने गोवा गुडघे टेकेल असा अंदाज होता. झालं असं की गोव्यात बटाटे नेदरलँड्सहून, चहा सिलोनहून आणि तांदूळ पाकिस्तानातून यायला लागला, आणि लोहखनिज विकून त्याचे पैसे निघत राहिले. फिअरनचं पहिलं कारण ते हेच. समोरचा किती ताणेल याचा अंदाज चुकला.

आता मुद्द्याची गोष्ट. दोन देश बोलणं तोडतात तेव्हा त्यांना एकमेकांशी बोलण्याची गरज संपत नाही, ती वाढते. म्हणून तिसऱ्या देशाला मध्ये घ्यावं लागतं. भारताची पोर्तुगालमधली कामं इजिप्त बघायला लागला आणि पोर्तुगालची भारतातली कामं ब्राझील. 'कामं' म्हणजे काय? कोणाचा पासपोर्ट संपला, कोणाचा बाप गेला आणि वारसाचा दाखला हवाय, कोण तुरुंगात आहे आणि जिवंत आहे का. घरातल्या दोन माणसांनी अबोला धरला की "अगं, त्यांना सांग जेवण वाढलंय" असं तिसऱ्याकडून सांगतात ना, तसंच. फरक एवढाच की इथे निरोप न पोचल्याने एखाद्याचं आयुष्य निघून जातं.

आणि तसं एक आयुष्य जात होतं. सांगलीचे मनोहर आपटे, ज्यांना आपण मोहन रानडे म्हणून ओळखतो, गोव्यात शाळामास्तर म्हणून गेले आणि आझाद गोमंतक दलाच्या सशस्त्र लढ्यात उतरले. ऑक्टोबर 1955 मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळ्या लागून पकडले गेले. शिक्षा 26 वर्षं. पुढे त्यांना गोव्यातून लिस्बनजवळच्या तुरुंगात हलवण्यात आलं. म्हणजे ज्या शहरात आपली वकिलात 1953 लाच बंद झाली होती, तिथे. तुरुंगाच्या दारात जाऊन "आमचा माणूस दाखवा" असं म्हणणारा एकही भारतीय अधिकारी त्या शहरात नव्हता.

1961 च्या शेवटच्या आठवड्यांकडे येते. नोव्हेंबरमध्ये कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून पोर्तुगीजांनी 'साबरमती' या प्रवासी बोटीवर गोळ्या झाडल्या, नंतर एक मच्छीमार मारला गेला. दिल्लीचा सूर बदलला. नेहरू वर्षानुवर्षं सांगत आले होते की आम्ही बळ वापरणार नाही. लिस्बनने ते इतकं खरं मानलं की खरोखर सैन्य जमायला लागलं तेव्हाही काही दिवस हा दबावाचाच प्रकार असावा असं वाटण्याची सोय होती. शांततेचं बोलून बोलून धमकीची किंमत शून्य झाली होती. सरळ बोलायला जागाच नसल्याने दोघंही इतरांमार्फत बोलत होते. दिल्लीतले अमेरिकेचे राजदूत जॉन केनेथ गॅलब्रेथ शेवटच्या दिवसापर्यंत नेहरूंना थांबा म्हणत होते. संयुक्त राष्ट्रांचे काळजीवाहू सरचिटणीस ऊ थांट यांनी दोन्ही पंतप्रधानांना बोलणी करा असं लिहिलं. पोर्तुगालने ब्रिटनला शतकानुशतकांच्या मैत्री कराराची आठवण करून दिली. चौदाव्या शतकातला करार! ब्रिटनने कळवलं की राष्ट्रकुलातल्या देशाविरुद्ध आम्ही लढायला येणार नाही.

सालाझारने गोव्याच्या गव्हर्नर जनरलना, व्हासालू इ सिल्वांना, संदेश पाठवला की शरणागती नाही, जिंका नाहीतर मरा. किमान आठ दिवस तग धरा. हे आठ दिवस लढाई जिंकण्यासाठी नव्हतेच. तेवढ्या वेळात जग ओरडा करेल आणि भारताला थांबावं लागेल, अशी आशा होती. म्हणजे सैनिकांना डिप्लोमसीसाठी वेळ विकत घ्यायचा होता, स्वतःच्या जिवाने. ज्या देशाशी साधं बोलायला आपण नकार दिला त्याच्याशी लढताना इतर देशांनी आपल्यासाठी बोलावं ही अपेक्षा मला तरी अजब वाटते.

17-18 डिसेंबरच्या रात्री 'ऑपरेशन विजय' सुरू झालं. 18 तारखेला न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषद बसली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कीचा ठराव होता: ताबडतोब लढाई थांबवा, भारताने सैन्य मागे घ्यावं, दोघांनी बोलणी करावीत. बाजूने 7 मतं, विरोधात 4: सोव्हिएत युनियन, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक, म्हणजे तोच इजिप्त. सोव्हिएत मत विरोधात म्हणजे व्हेटो, ठराव पडला. भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांचा युक्तिवाद होता की वसाहत ही मुळातच बेकायदा, तेव्हा हे आक्रमणच नाही. आदल्याच वर्षी, 14 डिसेंबर 1960 ला, वसाहती संपवण्याबद्दलचा ठराव 1514 आमसभेने मंजूर केला होता, त्याचा आधार त्यांच्यापाशी होता. पाश्चात्त्य देशांनी भारताला शांततेचं प्रवचन देणारेच असं करतात म्हणून झोडपलं. आफ्रिका-आशियातल्या नव्या देशांनी टाळ्या वाजवल्या. 19 डिसेंबरच्या संध्याकाळी व्हासालू इ सिल्वांनी शरणागतीवर सही केली. मरायचा हुकूम त्यांनी पाळला नाही. शेकडो, कदाचित हजारो माणसं त्यामुळे वाचली, आणि पोर्तुगालने 1963 मध्ये त्यांना सैन्यातून काढून टाकलं.

शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते. माझ्या दृष्टीने ती इथे सुरू होते.

भारताच्या ताब्यात तीन हजारांहून जास्त पोर्तुगीज सैनिक होते. युद्धकैदी. 1949 च्या जिनिव्हा करारानुसार लढाई संपली की युद्धकैद्यांना सोडायचं असतं, विनाविलंब. पण सोडायचं कसं? कोणाच्या विमानाने, कोणत्या बंदरावर, कोणाच्या सहीने? दोन सरकारं बोलत नव्हती, आणि सालाझारला हे 'न मेलेले' सैनिक परत घ्यायची घाई नव्हती. साध्या वाहतुकीच्या प्रश्नाला जवळपास पाच महिने गेले. शेवटी मे 1962 मध्ये त्यांना विमानांनी कराचीला आणि तिथून जहाजांनी लिस्बनला नेण्यात आलं. कराचीला! गोव्यातून पोर्तुगालला जायचा रस्ता पाकिस्तानातून निघाला.

त्या जहाजांवरून सैनिक लिस्बनला उतरले तेव्हा मोहन रानडे त्याच शहराजवळ तुरुंगात होते. गोवा सुटून पाच महिने झाले होते. ते युद्धकैदी नव्हते ना. पोर्तुगालच्या कायद्याने ते पोलीस चौकीवर हल्ला करणारे गुन्हेगार, आणि पोर्तुगालच्या कागदावर गोवा अजून पोर्तुगालच होता, त्यामुळे गोवा स्वतंत्र झाला म्हणून शिक्षा संपली असं म्हणण्याचा प्रश्नच येत नव्हता. त्या तीन हजार सैनिकांबरोबर रानड्यांचा विषय एकाच टेबलावर का आला नाही, हा प्रश्न मला वाचताना सारखा छळत राहिला. टेबल असतं तर आला असता कदाचित.

इथे मला माझ्या विषयातली एक गोष्ट आठवते, सांगितल्याशिवाय राहवत नाही. लोखंडाच्या तुकड्यावर चुंबकीय क्षेत्र वाढवत नेलं की तो चुंबक होतो. मग क्षेत्र काढून घेतलं तर तो पूर्वीसारखा होईल असं वाटतं, पण होत नाही. त्यात चुंबकत्व उरतंच. ते घालवायला उलट्या दिशेने जोर लावावा लागतो. जायचा रस्ता आणि यायचा रस्ता वेगळा. याला हिस्टेरेसिस म्हणतात. राजनैतिक संबंध तोडायला एक कॅबिनेट बैठक आणि एक पत्र पुरतं. जोडायला मात्र तेच पत्र उलटं करून चालत नाही. तोपर्यंत दोन्हीकडे भाषणं झालेली असतात, घटना बदललेल्या असतात, 'आधी त्यांनी' हा अभिमान तयार झालेला असतो. फिअरननेच 1994 च्या दुसऱ्या एका पेपरमध्ये याला श्रोत्यांपुढे मोजावी लागणारी किंमत म्हटलंय: नेत्याने चारचौघांत शब्द दिला की मागे फिरणं महाग होतं. सालाझारला निवडणुकीची भीती नव्हती, तरी तो अडकला. कारण त्याने तो शब्द घटनेतच लिहून ठेवला होता.

रानड्यांसाठी महाराष्ट्रात विमोचन समिती झाली. पुढाकार पुन्हा सुधीर फडक्यांचा. 1968 मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई व्हॅटिकनला गेले तेव्हा त्यांनी पोपकडे रानड्यांच्या सुटकेसाठी शब्द टाकला असं सांगितलं जातं. बघा ना, सांगलीच्या माणसाला लिस्बनच्या तुरुंगातून सोडवायला तमिळ मुख्यमंत्री रोममध्ये पोपशी बोलतोय. सरळ रस्ता नसला की असे वळसे घ्यावे लागतात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आजारी सालाझारच्या जागी मार्सेलो काएतानो आले आणि जानेवारी 1969 मध्ये रानडे सुटले. तेरा वर्षांहून जास्त काळ तुरुंगात, त्यातली सात वर्षं गोवा स्वतंत्र झाल्यानंतरची. गोव्याचे लेखक-स्वातंत्र्यसैनिक तेलु माश्कारेन्यश तर 1970 मध्ये सुटले.

कुलूप उघडलं ते पोर्तुगालमध्ये 25 एप्रिल 1974 ला क्रांती होऊन हुकूमशाही गेली तेव्हा. 31 डिसेंबर 1974 ला दिल्लीत करार झाला, पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. पोर्तुगालकडून सही मारियो सुआरेश यांची, भारताकडून परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाणांची. 1961 मध्ये सीमेच्या अलीकडच्या राज्याचे मुख्यमंत्री तेच होते.

तरी एक हिशोब उरला. गोव्यातल्या पोर्तुगीज बँकेत लोकांनी गहाण ठेवलेले सोन्याचे दागिने डिसेंबर 1961 मध्ये लिस्बनला गेले होते. ते परत यायला 1991 उजाडलं. पाटल्या गहाण ठेवणाऱ्या कित्येक बायका तोवर हयात नसणार.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. 1961 मध्येच, 18 एप्रिलला, राजनैतिक संबंधांविषयीच्या व्हिएन्ना करारावर सह्या झाल्या होत्या. त्याचं कलम 45 सांगतं की संबंध तुटले, अगदी सशस्त्र संघर्ष झाला तरी समोरच्या देशाची वकिलातीची इमारत, मालमत्ता आणि कागदपत्रं यांना हात लावायचा नाही, आणि त्यांची कामं तिसऱ्या देशाला सोपवू द्यायची. म्हणजे संबंध तोडण्याचीही रीत ठरलेली आहे. भारत-पाकिस्तानने ती एकदाच पूर्ण वापरली. 1965 च्या युद्धात संबंध औपचारिकपणे तुटले नव्हते. 1971 मध्ये, 6 डिसेंबरला भारताने बांगलादेशाला मान्यता दिल्यावर, पाकिस्तानने तोडले. मग स्वित्झर्लंड दोघांचीही कामं पाहायला लागला, भारताची पाकिस्तानात आणि पाकिस्तानची भारतात. जुलै 1972 मध्ये सिमला करार होऊनही दूतावास उघडायला 1976 उजाडलं. पुन्हा तेच, तोडायला एक दिवस, जोडायला साडेचार वर्षं.

त्यानंतर कारगिलमध्येही संबंध तुटले नाहीत. 2025 मध्ये काय झालं ते या नजरेने बघा. 23 एप्रिलला भारताने सिंधू पाणीवाटप करार स्थगित केला, अटारीचं नाकं बंद केलं, पाकिस्तानच्या संरक्षण सल्लागारांना देश सोडायला सांगितलं आणि उच्चायुक्तालयातली माणसं 55 वरून 30 वर आणली. दुसऱ्या दिवशी पाकिस्ताननेही आपल्या बाजूने तसंच केलं, वर हवाई हद्द बंद केली. उच्चायुक्त तर 2019 पासून दोन्हीकडे नाहीतच. 10 मे रोजी लढाई थांबली ती दुपारी 3 वाजून 35 मिनिटांनी दोन्ही सैन्यांच्या डीजीएमओंमध्ये झालेल्या फोनवर. त्यानंतरही 13 आणि 21 मेला भारताने एकेका पाकिस्तानी कर्मचाऱ्याला हाकललं. म्हणजे दोर बारीक करत नेला, धाग्यासारखा केला, पण तोडला नाही. 55, 30, मग आणखी दोघे कमी. मला हा आकडा शून्य न होण्यात दुबळेपणा दिसत नाही. चिडल्याचं दाखवायला बऱ्याच पायऱ्या हाताशी असणं आणि शेवटची पायरी राखून ठेवणं, हे मला कुलपापेक्षा जास्त हुशारीचं वाटतं. तुमचं मत वेगळं असू शकतं.

आणि तो धागा कोणाच्या उपयोगी पडतो? आपल्याच जिल्ह्यातून 2014 मध्ये वेगळा झालेल्या पालघरच्या किनाऱ्यावर विचारा. तिथले खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात, समुद्रात न दिसणारी रेषा ओलांडली जाते आणि माणूस कराचीच्या तुरुंगात पोचतो. 21 मे 2008 च्या करारानुसार दोन्ही देश दर 1 जानेवारी आणि 1 जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात, आणि कैद्याला भेटायला दूतावासाचा माणूस जाऊ शकतो. भेटून पहिलं काम काय, तर हा आपलाच नागरिक आहे याची खात्री करणं. घरचा पत्ता, गाव, बापाचं नाव. ती खात्री झाल्याशिवाय शिक्षा संपलेला माणूससुद्धा घरी येऊ शकत नाही. दूतावासाचा माणूस नसेल तर हे कोण करणार?

हे भेटणं नाकारलं तर काय, याचं उदाहरणही मराठीच आहे. कुलभूषण जाधवांच्या खटल्यात पाकिस्तानचं म्हणणं होतं की 2008 च्या करारात सुरक्षेच्या प्रकरणांचा निर्णय गुणवत्तेवर घेण्याची मुभा आहे, म्हणून भेट देणं बंधनकारक नाही. 17 जुलै 2019 ला हेगच्या न्यायालयाने 15 विरुद्ध 1 मतांनी निकाल दिला की वाणिज्य दूतावासांविषयीच्या व्हिएन्ना कराराच्या कलम 36 चा पाकिस्तानने भंग केला. हेरगिरीचा आरोप असला तरी तो हक्क जात नाही. जाधव अजून तिथेच आहेत. पण त्यांना भेटायला जाऊ शकणारा भारतीय अधिकारी इस्लामाबादमध्ये आहे, जो रानड्यांसाठी लिस्बनमध्ये नव्हता.

लढाई थांबून दोन महिनेही झाले नव्हते, पाणी, व्यापार, विमानं सगळं बंद होतं, तेव्हा 1 जुलै 2025 ला याद्या ठरल्या दिवशी दिल्या गेल्या. भारताने 382 नागरी कैदी आणि 81 मच्छीमारांची नावं दिली. पाकिस्तानच्या यादीत 53 नागरी कैदी होते, आणि भारतीय असलेले किंवा भारतीय असावेत असे 193 मच्छीमार.